माल्टा बेटावरील पहिला दिवस

भूमध्य समुद्राचा नकाशा समोर घ्यावा आणि इटलीच्या टोकाशी असलेल्या सिसिलीवरून बोट खाली, आफ्रिकेच्या दिशेने सरकवीत न्यावे. सिसिलीपासून नव्वदएक किलोमीटरवर दोन-तीन ठिपके लागतात. शालेय नकाशात ते छपाईतले डाग वाटावेत इतके लहान असतात. माल्टा, गोझो आणि कोमिनो ही ती बेटे. तिन्ही मिळून एक स्वतंत्र प्रजासत्ताक आहे, आणि त्याचे क्षेत्रफळ आहे ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या जवळजवळ निम्मे! बारमाही नदी नाही, सरोवर नाही, अरण्य तर नाहीच. पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग समुद्राचे खारे पाणी गोडे करूनच मिळवावा लागतो.

आणि तरीही या खडकासाठी साम्राज्यांनी रक्त सांडले. फिनिशियन आले, रोमन आले, इ. स. ८७० मध्ये अरब आले, १०९१ मध्ये नॉर्मन आले. १५३० मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने हे बेट सेंट जॉनच्या धर्मवीर सरदारांना बहाल केले, आणि त्याचा खंड काय, तर दर वर्षी एक ससाणा पक्षी! १७९८ मध्ये नेपोलियनने ते घेतले, दोन वर्षांत इंग्रजांनी फ्रेंचांना हुसकावले आणि पुढे १९६४ पर्यंत तेथे इंग्रजांचा अंमल राहिला. या सर्वांच्या लोभाचे कारण एकच होते, ते म्हणजे येथील खोल आणि सुरक्षित बंदर.

अशा या बेटावर गेल्या दसऱ्याच्या सुट्टीत आम्हां उभयतांचे जाणे झाले. आमची कन्या आणि जावई नोकरीनिमित्त तेथे स्लीमा नावाच्या गावी राहतात. साडेचार वर्षांची नात तेथील बालवर्गात जाते. तिला आम्ही दोन वर्षांनी पाहत होतो. पहिल्या रात्री आजीने तिला जवळ घेऊन मराठीत पुष्कळ काही विचारले. तिने सारे समजून घेतले आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर इंग्रजीत दिले. कन्या ओशाळून म्हणाली, "बाबा, तिला सगळं कळतं हो, फक्त बोलत नाही." आजी काही बोलली नाही. परंतु हैदराबादेसारख्या बहुभाषी शहरात तीन पिढ्या मराठी जपलेल्या घरातील बाईच्या मनात त्या रात्री काय आले असेल, हे आपल्या मासिकाच्या वाचकांना मी वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुले कामावर गेली, नात शाळेत गेली, आणि राजधानी पाहण्यासाठी आम्ही दोघेच बाहेर पडलो.

स्लीमाच्या धक्क्यावरून सुटणारी फेरीबोट दहा मिनिटांच्या आत पलीकडच्या तीरावर, व्हॅलेटा येथे, पोहोचवते. बोटीच्या कठड्याशी उभे राहिले की सारे नगर समोर उलगडत जाते. पाण्यातून सरळ वर चढणारा तट, तटावर घरांच्या रांगा, त्यांवर एक विशाल घुमट आणि शेजारी एक निमुळता मनोरा. सर्व काही एकाच रंगाचे, कोवळ्या उन्हात मधासारखे दिसणारे.

"अहो, हे सगळं गाव एकाच खाणीतून काढल्यासारखं दिसतंय," सौभाग्यवती म्हणाली.

ते शब्दशः खरे होते. बेटाच्या पोटातच असलेल्या मऊ चुनखडीच्या दगडातून हे नगर उभारले आहे. हा दगड करवतीने कापता येतो आणि हवा लागता लागता त्यावर कठीण कवच येते. लाकूड दुर्मिळ, दगड मुबलक; तेव्हा राजवाडा असो वा गरिबाची खोली, भिंत दगडाचीच.

व्हॅलेटाचा जन्म एका युद्धातून झाला. १५६५ च्या मे महिन्यात तुर्की आरमाराने माल्टाला वेढा घातला आणि सप्टेंबरच्या आठ तारखेपर्यंत, जवळजवळ चार महिने, तो चालू राहिला. मूठभर सरदार आणि बेटावरील सामान्य रहिवासी यांनी तो परतवून लावला. त्यानंतर सरदारांचा प्रमुख झां द व्हालेत याने ओसाड टेकाडावर नवे नगर वसविण्याचे ठरविले आणि २८ मार्च १५६६ रोजी पायाभरणी केली. नगर त्याच्याच नावाने ओळखले जाते. माल्टी माणूस मात्र बोलताना त्याला नुसते 'इल्-बेल्त', म्हणजे 'शहर' असे म्हणतो.

रस्ते पटावरील रेघांसारखे सरळ आणि एकमेकांना काटकोनात छेदणारे आहेत. टेकाडाचा उतार जेथे तीव्र आहे तेथे रस्त्याचा जिनाच झाला आहे. दोन्ही बाजूंना उंच घरे, आणि प्रत्येक घराला रंगीत लाकडी बंद सज्जे. कोठे हिरवा, कोठे तांबडा, कोठे निळा. एका सज्जातून एका वृद्धेने दोरीला बांधलेली टोपली खाली सोडली, पाववाल्याने तीत पाव ठेवला आणि टोपली वर गेली. दोघांमध्ये चार वाक्ये झाली, बहुधा भावावरून. कारण टोपली वर जाऊनही संभाषण संपले नाही. आम्ही त्या भाषेतले काहीच समजत नसताना तेथे थांबून ऐकत राहिलो. कानाला अरबीचा घोळदार खर्ज जाणवत होता आणि मध्येच इटालियनची लय येत होती.

सेंट जॉनच्या कॅथीड्रलविषयी प्रवासवर्णनांतून पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. बाहेरून ते किल्ल्याच्या कोठारासारखे रुक्ष दिसते. आत पाऊल टाकले की डोळे दिपतात. भिंतींचा तीळभर भाग कोरीव कामाविना आणि सोन्याच्या मुलाम्याविना नाही. छत मात्तिआ प्रेती या चित्रकाराने रंगविले आहे. पायांखालची फरशी म्हणजे सुमारे चारशे सरदारांच्या समाध्या आहेत. रंगीत संगमरवराच्या तुकड्यांतून सांगाडे, मुकुट, तलवारी साकारल्या आहेत. सौभाग्यवतीला त्यांवरून चालणे अवघड वाटले. ती कडेकडेने, दोन समाध्यांमधील रेषेवरून पावले टाकीत चालली.

आतल्या एका दालनात काराव्हाज्जो याचे १६०८ मधील भव्य चित्र आहे, सेंट जॉनच्या शिरच्छेदाचे. चित्राचा मोठा भाग नुसता अंधार आहे. एका कोपऱ्यात ती भीषण घटना घडते आहे आणि तुरुंगाच्या गजांआडून दोन कैदी ती पाहत आहेत. संताच्या मानेतून वाहिलेल्या रक्तातच चित्रकाराने आपले नाव लिहिले आहे. त्याने सही केलेले हे एकमेव ज्ञात चित्र होय. एका खुनाच्या प्रकरणातून रोमहून पळालेला हा मनुष्य माल्टात येऊन सरदार झाला, आणि काही महिन्यांतच येथील तुरुंगातूनही पळाला. चित्रासमोर उभे राहिल्यावर त्या अंधाराचा अर्थ थोडासा कळू लागतो.

दुपारी बाराच्या सुमारास आम्ही अपर बाराक्का या उद्यानात पोहोचलो. येथून विशाल बंदर पायांखाली दिसते. पलीकडे बिर्गू, सेंगलिया आणि कोस्पिकुआ ही तीन जुनी नगरे पाण्यात हात लांबविल्यासारखी पसरली आहेत. खालच्या तटावर तोफांची रांग आहे. ठीक बारा वाजता एक तोफ धडाडली. कबुतरांचा थवा उठला आणि तीरावरील भिंतींनी तो आवाज परत पाठविला.

हेच बंदर दुसऱ्या महायुद्धात जगातील सर्वाधिक बॉम्बवर्षाव झालेल्या ठिकाणांपैकी एक ठरले. लोक खडकात खोदलेल्या भुयारांत राहत. एप्रिल १९४२ मध्ये राजे सहावे जॉर्ज यांनी सबंध बेटाला 'जॉर्ज क्रॉस' हे शौर्यपदक दिले. ते आजही माल्टाच्या राष्ट्रध्वजावर आहे. परंतु पदकाने पोट भरत नाही. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात अन्न आणि इंधन संपत आले. ऑगस्टमध्ये चौदा मालवाहू जहाजांचा काफिला निघाला, त्यांपैकी पाचच पोहोचली. शेवटचे होते 'ओहायो' नावाचे तेलवाहू जहाज. त्याचा कणा मोडला होता, यंत्रे बंद पडली होती. दोन विनाशिकांच्या मध्ये दोरखंडांनी बांधून, अक्षरशः काखेत धरून आणावे तसे, ते या बंदरात आणले. तो दिवस होता १५ ऑगस्ट १९४२, मेरीमातेच्या उत्सवाचा. हिंदुस्थानात तेव्हा 'चले जाव' चळवळीचा पहिला आठवडा चालू होता. एकाच राजसत्तेखालील दोन देश, एकाच आठवड्यात किती भिन्न प्रकारे जगत होते!

या बंदराशी आपला संबंध त्याहूनही जुना आहे. १८७८ मध्ये रशिया आणि तुर्कस्तान यांच्यातील पेचप्रसंगात ब्रिटिश पंतप्रधान डिझरायली यांनी सुमारे सात हजार हिंदी सैनिक जहाजांतून माल्टात आणून ठेवले होते. पहिल्या महायुद्धात हे बेट जखमी सैनिकांचे मोठे रुग्णालयच बनले. येथे मरण पावलेल्या हिंदी सैनिकांचे स्मारक जवळच पिएता येथील लष्करी दफनभूमीत आहे.

उन्ह तापले तशी भुकेची जाणीव झाली. येथील सर्वांत स्वस्त आणि सर्वप्रिय खाद्य म्हणजे 'पास्तित्सी'. होडीच्या आकाराचे, पापुद्र्यापापुद्र्याचे, भट्टीतून गरम निघणारे. आत ताजे चीज तरी असते किंवा मसाल्यात घोटलेला वाटाणा तरी. सौभाग्यवतीने वाटाण्याचे निवडले आणि पहिल्या घासाला निर्णय दिला, "मटाराची करंजीच की! जिरं असतं तर बरं झालं असतं." दुकानदाराने पाच नग मोजून कागदात घातले आणि मोजताना तो पुटपुटला, "वीहेत, त्नेयन, त्लीता, एर्बा, हम्सा." शेवटचा शब्द ऐकून आम्ही एकमेकांकडे पाहिले. हैदराबादेत उर्दूच्या सहवासात वाढलेल्या कानांना 'खम्सा' परका नव्हता.

तेथून पुढे एका पुस्तकाच्या दुकानात शिरलो. दुकान सांभाळणाऱ्या साठीच्या बाई इंग्रजी उत्तम बोलत होत्या. मुलांचे एक चित्रमय अंकलिपीचे पुस्तक हाती घेतले आणि त्यांना एकेक शब्द वाचून दाखविण्याची विनंती केली. 'क्तीब' म्हणजे पुस्तक, आपली किताब. 'दिन्या' म्हणजे जग, आपली दुनिया. 'झ्मीन' म्हणजे काळ; आपला जमाना. 'हबीब' म्हणजे मित्र, 'सुल्तान' म्हणजे राजा, 'मेउत' म्हणजे मृत्यू. 'दार' म्हणजे मात्र घर! आम्ही दारातून घरात जातो, आणि त्यांचे दार हेच घर, असे मी सांगितले तेव्हा त्या मनापासून हसल्या.

या भाषेचे चरित्र विलक्षण आहे. ती मूळची अरबीच्या कुळातली, पण रोमन लिपीत लिहिली जाते. बोलणारे बहुतेक निष्ठावंत ख्रिस्ती. पण देवाला ते 'आल्ला' म्हणतात आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाला 'रांदान', म्हणजे रमजान. शब्दसंग्रहातील जवळजवळ निम्मे शब्द सिसिलियन आणि इटालियनमधून आलेले आहेत. शेकडो वर्षे तिला कोणी विचारले नाही. सरदारांचा, न्यायालयांचा आणि विद्वानांचा व्यवहार लॅटिन-इटालियनमध्ये चाले, पुढे इंग्रजांची इंग्रजी आली. आणि माल्टी राहिली ती स्वयंपाकघरात, मासळीबाजारात, नांगरामागे. मिकिएल आंतोन व्हासल्ली (१७६४–१८२९) या विद्वानाने तिचे व्याकरण आणि कोश रचला. राजकीय मतांपायी त्याला हद्दपारी सोसावी लागली, आणि उतारवयात तो विद्यापीठात माल्टीचा पहिला प्राध्यापक झाला. १९२० मध्ये लेखकांनी आपला संघ स्थापन केला आणि चार वर्षांत शुद्धलेखनाचे नियम सिद्ध केले. १९३४ मध्ये इंग्रजीच्या बरोबरीने माल्टीला राजभाषेचे स्थान मिळाले. आज पाच लाखांच्या आसपास लोकांची ही भाषा २००४ पासून युरोपीय संघाच्या अधिकृत भाषांपैकी एक आहे.

राष्ट्रकवी दुन कार्म (१८७१–१९६१) यांची कथा तर मराठीच्या अभ्यासकाने मुद्दाम ध्यानात ठेवावी अशी आहे. चाळिशी गाठेपर्यंत ते इटालियनमध्ये कविता लिहीत. माल्टीतील पहिली कविता त्यांनी १९१२ मध्ये लिहिली, आणि पुढे राष्ट्रगीतही त्यांच्याच लेखणीतून उतरले. माझे आजोबा निजामी राजवटीत उर्दूतून शिकले. दप्तर उर्दूत, अर्ज उर्दूत, सहीसुद्धा उर्दूत. आजीला पत्र मात्र ते मराठीत लिहीत. शिक्षणाची भाषा एक आणि जीवाची भाषा दुसरी, ही स्थिती केवळ आपल्याच वाट्याला आलेली नाही, हे त्या लहानशा दुकानात मला प्रथमच इतके स्पष्ट जाणवले.

मी हे सारे विद्वत्तापूर्ण प्रश्न विचारीत असता सौभाग्यवतीने एकच प्रश्न विचारायला लावला. "त्यांना विचारा, तुमच्याकडे मुलं भांडतात कुठल्या भाषेत?"

बाई क्षणभर विचारात पडल्या आणि म्हणाल्या, "अभ्यास इंग्रजीत करतात, भांडतात माल्टीत. पण तुम्ही स्लीमात राहता ना? तेथील कित्येक माल्टी घरांत आता भांडणही इंग्रजीत होते. मला भीती वाटते ती त्याची."

राज्य, संसद, विद्यापीठ, राष्ट्रगीत सारे हाती असलेल्या भाषेलाही ही भीती असावी! मी ते अंकलिपीचे पुस्तक नातीसाठी विकत घेतले.

मुख्य रस्त्यावरून परतताना कापडाच्या एका दुकानावरील पाटी पाहून आमची पावले थबकली. नाव आपल्याकडील वाटले. आत गल्ल्यावर पन्नाशीचे गृहस्थ होते. आम्ही हैदराबादचे, असे सांगताच ते आनंदाने उभे राहिले. "आमचं मूळही हैदराबादच!" मग उलगडा झाला. त्यांचे हैदराबाद सिंधमधील, आमचे दक्षिणेतील. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिंधी व्यापारी रेशमी वस्त्रे आणि कलाकुसरीच्या वस्तू घेऊन भूमध्य समुद्रातील बंदरांतून दुकाने थाटू लागले, त्यांतील काही माल्टात स्थिरावले. फाळणीनंतर मागे परतायला त्यांना ते गाव उरले नाही.

ते स्वतः माल्टी अस्खलित बोलत. गिऱ्हाइकाशी माल्टी, आमच्याशी हिंदी, दूरध्वनीवर पत्नीशी सिंधी. मुलांविषयी विचारले तेव्हा कापडाची घडी घालता घालता ते म्हणाले, "समझते सब हैं, जी। बोलते नहीं।"

आदल्या रात्री कन्येने उच्चारलेले तेच शब्द. सौभाग्यवतीने माझ्याकडे पाहिले नाही. ती हातातल्या कापडाचा पोत पाहत राहिली. नंतर तिने विचारले, "आपकी माताजी थीं तब?" ते म्हणाले, "माँ थी तब बोलते थे। माँ को दूसरी भाषा आती ही नहीं थी, तो बोलना ही पड़ता था।"

चार वाजता नावेने बंदर ओलांडून आम्ही बिर्गूला गेलो. १५६५ च्या वेढ्यात सरदारांचे ठाणे येथेच होते. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोरच्या दोन सज्जांतून वाटीभर साखर देता यावी. संध्याकाळी उंबऱ्याशी खुर्च्या टाकून म्हाताऱ्या बसल्या होत्या. एक नातू फळीवरील चाकांवर उभा राहून उतारावरून घसरत येत होता, आणि त्याची आजी त्याला खणखणीत माल्टीत रागावत होती. तोही तितक्याच खणखणीत माल्टीत उत्तरे देत होता. सौभाग्यवती तेथे बराच वेळ उभी राहिली. मी तटबंदीकडे चलण्याची घाई केली तेव्हा म्हणाली, "थांबा हो, तटबंदी काही पळून जात नाही."

परतीच्या बसमध्ये ती अचानक म्हणाली, "उद्यापासून तिच्याशी बोलताना मला इंग्रजी येत नाही."

"अगं, पण तुला चांगलं येतं!"

"येत नाही म्हटलं ना. तिलाही तसंच सांगा."

रात्री नातीने अंकलिपीतील शब्द आम्हांला माल्टीत शिकविले. आजीने प्रत्येक चित्राला मराठी शब्द सांगितला आणि इंग्रजी प्रश्न आला की निरागसपणे मान हलवून "कळलं नाही बाई" असे म्हटले. नात प्रथम चकित झाली, मग चिडली. दूध पिण्याच्या वेळी दोघींचे चांगलेच वाजले. नातीचे सारे युक्तिवाद इंग्रजीत होते, त्यांत दोन-चार माल्टी शब्दही असावेत. आजी एका अक्षरानेही मराठी सोडीना. अखेर पाय आपटून ती चिमुरडी ओरडली, "नको! नको म्हणजे नको!"

आजीने दुधाचा पेला बाजूला ठेवला. दूध त्या दिवशी कोणी प्यायले नाही, आणि त्याचे कोणाला वाईटही वाटले नाही.

परप्रांतात आणि परदेशी राहणाऱ्या आपण मराठी माणसांनी मंडळे स्थापिली, ग्रंथालये चालविली, गणेशोत्सवात व्याख्याने ठेवली. ही कामे मोलाची आहेत आणि ती चालूच राहिली पाहिजेत. परंतु माल्टी भाषा व्हासल्लीच्या कोशापर्यंत जिवंत पोहोचली ती टोपली खाली सोडून पावाच्या भावावरून वाद घालणाऱ्या बायकांमुळे. भाषेचा मान वाढवायला व्याकरण आणि राजमान्यता लागते. तिचा श्वास चालू राहायला मात्र घरात असे एक तरी माणूस लागते, की ज्याच्याशी दुसऱ्या भाषेत बोलून चालतच नाही. आपल्या घरात ते माणूस कोण, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने आज स्वतःला विचारण्यासारखा आहे.